शिवलीला आणि रिकामी तार

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात दोन लाइनींपैकी एक बंद पडली, की काम भराभर व्हायचं. हे मी शिवलीलाला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तिनं भाकरी तोडता तोडता हात थांबवला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तपासणीला आलेली पेशंट आहे. दोन नळांपैकी एक बंद केल्यावर बादली लवकर भरते, असंच काहीसं मी बोलत होते. पण मी ते स्वतः पाहिलं होतं. पाहिलेली गोष्ट कुणी खोटी ठरवायला लागलं, की माझा पारा चढतो.

बंगळुरूत, येलहंक्याच्या मुख्य हॉस्पिटलात मी डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो वाचते. नागपूरहून इथं आले ती याच नोकरीसाठी. हेब्बाळ तळ्याच्या बाजूला आमचं एक छोटं तपासणी केंद्र आहे. तिथं पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालून फोटो काढतात आणि तो तारेवरून माझ्यापुढच्या स्क्रीनवर येतो. मी तो मोठा करून बघते आणि कळवते, की यांना घरी जाऊ द्या, यांना आजच डॉक्टरांकडे पाठवा. तोवर पेशंट धूसर डोळ्यांनी बाकावर बसून असतो. फोटो यायला उशीर झाला, की तो तिकडे ताटकळतो आणि मी इकडे चरफडते.

या दोन इमारतींमधल्या सगळ्या तारा, खोकी आणि लुकलुकणारे दिवे शिवलीलाच्या ताब्यात. ती निपाणीकडची. बेळगावला डिप्लोमा करून बंगळुरूला आली, ती इथलीच झाली. उंच, आवाज खणखणीत, खांद्याला कायम एक फुगलेली पिशवी आणि तिच्यातून लोंबणारी एखादी केबल. माणसांशी ती कन्नडमध्ये बोलते, मशीनशी मराठीत, आणि रागावली की दोन्ही भाषा एकदम वापरते. जनरेटरच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. मी रोज तिथंच डबा खाते, कारण तिच्या शेंगदाण्याच्या चटणीला तोड नाही आणि तिला प्रश्न विचारलेले आवडतात.

तिची एक सवय मला फार आवडते. येलहंक्याला वायुसेनेचा तळ असल्यामुळे विमानं अगदी डोक्यावरून जातात. विमान आलं, की शिवलीला वाक्याच्या मधेच थांबते. हातातला घास हातात राहतो. आवाज विरला, की ज्या शब्दावर थांबली होती त्याच्या पुढच्या शब्दापासून ती बोलायला लागते. मी इतक्या जेवणांमध्ये ती कधी चुकलेली पाहिली नव्हती.

आधी आमच्याकडे एकच लाइन होती. येलहंका ते हेब्बाळ, खांबाखांबावरून नेलेली आमची स्वतःची फायबर. शिवलीलानंच ट्रस्टच्या मागे लागून ती टाकून घेतली होती आणि तिची राखण करायला यल्लाप्पाला आणलं होतं. यल्लाप्पा तिच्याच भागातला, वयानं तिच्यापेक्षा बराच मोठा, पण तिला अक्का म्हणतो. जुन्या मोपेडवर शिडी बांधून तो रोज लाइनीखालून एक फेरी मारायचा. बंगळुरूत खांबावरची तार म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारी गोष्ट. कुणी झाडाची फांदी छाटताना तोडतो, कुणी खांब साफ करायला निघतो आणि समोर दिसेल ते कापतो. तार तुटली, की यल्लाप्पा टोकं साफ करून, जोडून, वर डबी बसवून मोकळा व्हायचा. त्याच्या जोडकामाबद्दल शिवलीलाला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

तरीही तुटायची ती तुटायचीच. म्हणून ट्रस्टनं एका कंपनीची लाइन घेतली. आमची फायबर तुटली तर तेवढ्यापुरती ती वापरायची, असा बेत. पडून राहायची लाइन, म्हणून तीही अगदी बारीक घेतली. शिवलीलानं दोन्हीकडच्या राउटरना ती जोडून दिली, एकदा फायबर काढून बघितली, फोटो हळूहळू का होईना येताहेत याची खात्री केली, फायबर परत लावली आणि सगळ्यांना चहा पाजला.

त्यानंतर माझे फोटो रांगत यायला लागले. आधी वाटलं, पेशंट वाढलेत. मग वाटलं, कॅमेरा नवा आहे, फोटो जड असतील. हेब्बाळच्या लोकांनी मात्र सरळ यल्लाप्पाच्या तारेवर खापर फोडलं. जोड कच्चे असणार, ओल गेली असणार, म्हातारा आता थकला असणार. यल्लाप्पा ऐकून घ्यायचा आणि मोपेडला किक मारायचा.

मग ट्रस्टचे सेक्रेटरी सूर्यकांतराव यांनी दोन्ही लाइनींचे आलेख मागवले. ते चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले, बोलण्यात अर्धं कन्नड, स्वभावानं सज्जन. आलेखात कंपनीची बारीक लाइन दिवसभर काठोकाठ भरलेली दिसली आणि आमची रुंद फायबर जमिनीला चिकटलेली. तिच्यावरून काहीच जात नव्हतं. सूर्यकांतरावांनी काढलेला अर्थ कुणीही काढला असता. तार खराब झाली म्हणून मशीननंच तिला सोडलं. मग जी लाइन काही वाहत नाही ती पोसायची कशाला? महिनाअखेरीस फायबर उतरवायची, कंपनीची लाइन मोठी करून घ्यायची आणि यल्लाप्पाचं काम तिथंच संपवायचं, असं ठरलं.

यल्लाप्पाला हे शिवलीलानं सांगितलं, तेव्हा मी तिथं होते. तो नोकरीचं सोडून तारेचंच बोलला. म्हणाला, "अक्का, कुठंतरी पाणी शिरलं असंल. मी सगळे जोड पुन्हा उघडतो." आणि खरंच त्यानं एकेक डबी खाली घेऊन, पुसून, तपासून परत लावायला सुरुवात केली. माणसाला नोकरीपेक्षा आपलं काम कच्चं ठरण्याचा घोर जास्त लागू शकतो, हे मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

शिवलीला इरेला पेटली. तिनं फायबरमधला उजेड मोजला, तो उत्तम. या टोकावरून त्या टोकाला हाक मारून पाहिली, तर उत्तर चटकन. मी रोज विचारायची, की आज काय सापडलं, आणि ती रोज म्हणायची, काही सापडत नाही हेच सापडतंय. लाइन ठणठणीत होती. मग तिच्यावरून काही जात का नव्हतं?

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी तिला मुळापासून सांगायला लावलं. ती असं म्हणाली. राउटर म्हणजे नाक्यावर उभा असलेला माणूस, कुठलं सामान कुठल्या रस्त्यानं धाडायचं ते तो ठरवतो. रस्ते त्याला पाठ नसतात, दुसऱ्यांकडून कळतात. घरचे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या भाषेचं नाव ओएसपीएफ. आमच्या फायबरवरून हेब्बाळचा आणि येलहंक्याचा राउटर याच भाषेत बोलतात. परक्यांशी बोलायची भाषा वेगळी, तिला बीजीपी म्हणतात. कंपनी परकी, म्हणून तिचा राउटर आमच्याशी बीजीपीत बोलतो. आपल्याला जगातलं जे काही कळतं ते या असल्या परक्यांच्या निरोपांवरून, असंही तिनं सांगितलं. मी विचारलं, परका सांगतो आणि आपण निघतो? रस्ता कोण दाखवतं? तेव्हा ती खूश झाली. मोठमोठ्या जाळ्यांमध्ये बीजीपी नुसतं सांगतं, की अमुक गावाला जायचं तर अमक्या दाराशी जा. त्या दारापर्यंत घरातल्या घरात कसं पोचायचं, ते ओएसपीएफलाच विचारावं लागतं. परक्याचा निरोप कितीही मोठा असला तरी घरच्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आमच्याकडे कंपनीचा राउटर दारातच उभा होता, त्यामुळे तेवढंही विचारायची गरज पडत नव्हती.

ओएसपीएफ प्रत्येक रस्त्याला एक खर्च लावतं आणि कमी खर्चाचा रस्ता निवडतं. शिवलीलानं काय केलं, तर फायबरचा खर्च उतरवला. काही हललं नाही. आणखी उतरवला. शेवटी तो एकावर आणून ठेवला, त्याच्या खाली जाताच येत नाही. रोज सकाळी ती ओएसपीएफला विचारायची, की हेब्बाळहून येलहंक्याला कसं जायचं, आणि ओएसपीएफ रोज सांगायचं, की फायबरवरून, खर्च अगदी नगण्य. ती समाधानानं मान हलवायची, आलेख उघडायची आणि आलेख तसाच जमिनीला चिकटलेला असायचा. तिच्या जागी मी असते तर ते खोकं एव्हाना तळ्यात टाकलं असतं.

अशात ती भाकरीची दुपार आली. मी सहज म्हणाले, की परवा फोटो फार सुंदर येत होते, पहिल्यासारखे. कधी, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, ती कंपनीची लाइन दुपारभर मेलेली होती ना, तेव्हा. आणि मग एक लाइन बंद पडली की काम भराभर होतं, हे बोलून टाकलं.

तिनं आधी मला वेड्यात काढलं. मग हात न धुताच डाव्या हातानं आलेख उघडला. परवाच्या दुपारी, कंपनीची रेघ जिथं तुटली होती बरोबर तिथं, आमच्या फायबरच्या रेघेनं डोकं वर काढलं होतं. एक चांगला गुबगुबीत उंचवटा. कंपनीची लाइन सुरू झाल्याबरोबर तो सपाट. मागं जाऊन पाहिलं तर आणखी एक असाच उंचवटा होता, तोही कंपनीच्या बिघाडाच्या दिवशीच. रोजच्या आलेखांकडे बघताना तिनं हे पाहिलं नव्हतं, कारण ती फायबरचे वाईट दिवस शोधत होती, चांगले नाही.

आता गोष्ट उलटी झाली. फायबर उत्तम चालत होती आणि राउटरला ते माहीतही होतं. पण तो तिच्याकडे तेव्हाच वळत होता, जेव्हा दुसरं कुणी उरत नव्हतं. आम्ही जिला मुख्य म्हणत होतो ती अडीअडचणीची झाली होती आणि अडीअडचणीचीच मुख्य. शिवलीला म्हणाली, "घरचा रस्ता सरळ, रुंद, खर्च एक. मग हा गावभर वळसा घालून का जाय लागलाय?" मला उत्सुकता इतकी वाटली, की दुपारचे फोटो दुसऱ्या मुलीला देऊन मी तिथंच बसून राहिले.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांना ती आप्पाजी म्हणते. आप्पाजींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, आणि लेक डोळ्यांच्या हॉस्पिटलात. दिवाळीपासून ती त्यांना ऑपरेशनला या म्हणून सांगत होती आणि ते दिवाळीपासून बघू म्हणत होते. आज त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं, की येतो. काल यल्लाप्पाशी बोलणं झालं, तो म्हणाला ऑपरेशन काही अवघड नसतं, लोक दुसऱ्या दिवशी पेपर वाचतात. मग कशाला घाबरायचं, म्हणून येतो.

शिवलीलानं फोन ठेवला आणि तिचा जो काही भडका उडाला तो मी कन्नड वगळून देते. ती म्हणाली, "सख्खी लेक सांगत्या ते खरं न्हाई. तेच बाहेरच्या माणसानं सांगितलं की लगेच खरं. लहानपणापासनं बघाय लागलोय मी, ह्या माणसाला काय सांगितलं त्याचा काही उपयोग न्हाई, कोण सांगतंय त्याच्यावर तो आधी..." आणि विमान आलं.

ती थांबली. मीही थांबले. खिडकीची काच थरथरली, आवाज दूर गेला. मी पुढच्या शब्दाची वाट बघत होते, पण तो आलाच नाही. शिवलीला कीबोर्डकडे वळली होती. तिनं हेब्बाळच्या राउटरला एक छोटा प्रश्न टाइप केला. यावेळी ओएसपीएफला नाही, खुद्द राउटरला विचारलं, की येलहंक्याला जायला तू स्वतः कुठला रस्ता धरला आहेस?

उत्तराच्या ओळीत सुरुवातीला इंग्रजी बी होतं. बी म्हणजे बीजीपी. पुढे चौकटी कंसात वीसचा आकडा होता. तिनं त्या वीसवर बोट ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग तिनं मला जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक भाषा रस्त्यांचा आपापला हिशेब ठेवते, पण सामान मात्र राउटिंग टेबल नावाच्या एकाच ठिकाणी बघून धाडलं जातं. तिथं एका ठिकाणासाठी एकच विजेता बसतो. जो हरला त्याचं तिथं नावसुद्धा दिसत नाही. आणि विजेता ठरवताना खर्च बघितलाच जात नाही, कारण ओएसपीएफचा खर्च आणि बीजीपीचा विचार यांची मापंच वेगळी. एक किलोत मोजतं, दुसरं मीटरमध्ये. म्हणून राउटर आधी एवढंच बघतो, की हे सांगतंय कोण. प्रत्येक सांगणाऱ्याला एक अंतर ठरवून दिलेलं असतं. जितकं अंतर कमी तितका विश्वास जास्त. बाहेरच्यानं बीजीपीतून सांगितलेल्या रस्त्याला वीस. घरच्या ओएसपीएफला एकशे दहा.

म्हणजे शिवलीलानं खर्च कितीही उतरवला असता तरी फायबर जिंकलीच नसती. खर्चाची स्पर्धा ओएसपीएफच्या आपल्या रस्त्यांमध्ये होती, आणि तिथं फायबर रोजच पहिली येत होती. त्या पहिल्या नंबराला पुढे कुणी विचारत नव्हतं. फोटो हेब्बाळहून निघून कंपनीच्या शहरातल्या इमारतीत जात, तिथून उलटे फिरून उत्तरेला येलहंक्याला येत, आणि कंपनीची बारीक लाइन दोन्ही टोकांना तुंबत होती. यल्लाप्पाची तार शेजारी मोकळी पडून होती.

मला त्या खोक्याचाच राग आला. घरच्यापेक्षा परक्यावर जास्त विश्वास ठेवायचा, हा असला मूर्खपणा त्याला शिकवला कुणी? शिवलीला आता शांत झाली होती आणि तिला मी कुठलाही प्रश्न विचारलेला चालणार होता. ती म्हणाली, की मूर्खपणा नाही, बहुतेक वेळा तेच शहाणपण असतं. बाहेरच्या जगातल्या रस्त्यांबद्दल बाहेरच्या माणसालाच आधी कळणार. तीच बातमी घरातल्या कुणाकडून फिरून आली तर ती शिळी. तीच बीजीपीची बातमी आपल्याच घरातल्या दुसऱ्या राउटरनं बीजीपीत सांगितली, तर तिला थेट दोनशे अंतर देतात, म्हणजे ओएसपीएफच्याही मागे. हे सगळं बरोबर आहे. गडबड फक्त एकाच ठिकाणी होते, परका आपल्याच घराचा रस्ता आपल्याला सांगायला लागतो तेव्हा. त्यावर मी विचारलं, की मग आप्पाजींचंही बरोबरच म्हणायचं का? ती म्हणाली, की आप्पाजींच्या ऑपरेशनचं यल्लाप्पापेक्षा मला जास्त कळतं, तेव्हा गप बस.

इलाज निघाला एका ओळीचा. राउटरला सांगता येतं, की या एका ठिकाणापुरतं परक्याचं बोलणं दोनशे अंतरावर ठेव. त्या आज्ञेत बॅकडोअर असा शब्द आहे, शिवलीला तिला मागचं दार म्हणते. मग घरचा एकशे दहा पुढे येतो. फायबर तुटली तर घरचा रस्ता टेबलातून उठतो आणि परका आपोआप त्याची जागा घेतो. आम्हाला पहिल्यापासून हवं होतं ते एवढंच. तिनं हेब्बाळच्या राउटरला ती ओळ दिली, आणि तिच्या लॅपटॉपवर मी मागवलेला पुढचा फोटो असा उघडला, की मी दचकले. रक्तवाहिनीचा एकेक फाटा लख्ख. आलेखात मात्र फायबर एकाच दिशेनं भरत होती. इकडून जाणारी उत्तरं अजून कंपनीकडूनच चालली होती, कारण येलहंक्याच्या राउटरला कुणी काही सांगितलंच नव्हतं. शिवलीला स्वतःवरच हसली आणि तीच ओळ इथंही टाइप केली.

सूर्यकांतरावांना नुसतं सांगून पटलं नसतं, त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी ते जनरेटरच्या मागच्या खोलीत येऊन बसले. शिवलीलानं यल्लाप्पाला बोलावून घेतलं आणि भिंतीवरच्या पेटीतून फायबरचं टोक त्याच्याच हातानं काढायला सांगितलं.

यल्लाप्पा नाही म्हणाला. आजवर त्यानं ही तार जोडली होती, कधी तोडली नव्हती. आणि आत्ता काढली आणि पुन्हा लागली नाही तर, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. शिवलीलानं त्याला घाई केली नाही.  शेवटी त्यानं बोटं शर्टाला पुसली आणि टोक बाहेर काढलं. त्या लॅपटॉपवर मी मागवलेला फोटो अडखळला, मग कंपनीच्या वाटेनं रांगत रांगत पुरा झाला. त्यानं टोक परत खोचलं. थोडा वेळ काहीच नाही. यल्लाप्पानं टोक बोटानं आणखी दाबून पाहिलं. मग आलेखातली आमची रेघ उभी राहिली आणि पुढचा फोटो लख्ख उघडला.

सूर्यकांतरावांनी दोन्ही रेघा नीट बघून घेतल्या. त्यांनी विचारलं, की मग तारेत दोष कुठला होता? शिवलीला म्हणाली, की तारेत कधीच नव्हता. ते उठले, यल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. लाइन राहू दे. तू पण राहा."

मला वाटलं गोष्ट इथं संपली. सूर्यकांतराव गेले, मी डबा उघडायला घेतला. यल्लाप्पा मात्र दारातच उभा होता. नोकरी राहिलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्यानं विचारलं, "अक्का, म्हणजे इतके दिवस ती रिकामीच होती?"

 त्याच्या तारेत दोष नव्हता हे सांगण्याच्या आनंदात आमच्या लक्षातच आलं नव्हतं, की त्याला दुसरंही काही ऐकू गेलं असेल. उन्हातान्हात केलेल्या त्या सगळ्या फेऱ्या, पावसात शिडीवर चढून जोडलेली तुटकी टोकं, त्यानं राखलेल्या त्या तारेवरून काहीच जात नव्हतं. मला त्याच्याकडे बघवेना.

शिवलीलानं त्याला खुर्चीजवळ बोलावलं आणि राउटरला काहीतरी सांगितलं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. मग काही नाही. जरा वेळानं दुसरी ओळ. ती त्याला म्हणाली, "रिकामी न्हवती, अण्णा. दर दहा सेकंदांनी हा राउटर तुझ्या तारेवरनं त्याला हाक मारतो, मी हाय म्हणून. तो पण तिकडनं मारतो. ह्या हाका कायमच्या थांबल्या असत्या तर घरची वाट कधीच पुसून गेली असती, आणि मला परत आणायला काही उरलं नसतं."

यल्लाप्पा त्या ओळींकडे बघत राहिला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण ओळ आलेली कळते. त्यानं विचारलं, की या हाका कधीच थांबल्या नाहीत? ती म्हणाली, थांबल्या होत्या. पावसाळ्यात हेब्बाळच्या बाजूला फांदी पडली होती तेव्हा. तू जोडलंस आणि पुन्हा सुरू झाल्या. यल्लाप्पाला तो दिवस आठवत होता. सगळं तर चालू आहे, मग भिजत कशाला चढतोस, असं हेब्बाळचे लोक त्याला खालून विचारत होते. तो तरी चढला होता, कारण तार तुटलेली होती.

 आप्पाजींचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं, आणि ऑपरेशन चांगलं झालं हे त्यांना शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितल्यावर पटलं, ते वेगळं. त्या दुपारी शिवलीला आणि मी भाकरी खाल्ली, चटणी संपवली, हात धुऊन आलो. यल्लाप्पा तसाच स्क्रीनसमोर उभा होता. एक ओळ आली, की तो पुढच्या ओळीची वाट बघायचा, आणि ती आली, की हळूच मान हलवायचा.